चाकरीतली लेखणी

पेशवाईतील पत्रव्यवहाराचे रुमाल ज्यांनी सोडून पाहिले आहेत, त्यांच्या ध्यानात एक गोष्ट फार लवकर येते. ती ही की, एकाच कागदावर पुष्कळदा दोन हात नांदत असतात. पत्राचा मायना, 'विनंती विशेष' पासून पुढे चालणारा मजकूर, फौजेची कूच, पैक्याची ओढ, खंडणीची बाकी, हा सारा तपशील कारकुनाच्या सराईत मोडीत उतरलेला असतो; आणि पत्र संपत आले की अक्षर एकाएकी बदलते, बोरूची धार निराळी दिसू लागते, आणि ज्याच्या नावाने पत्र निघाले तो धनी स्वतः दोन-चार ओळी लिहून मजकूर आटोपता घेतो. या मजकुराला दफ्तरात 'स्वदस्तूर' म्हणत. सांगायचे याहून अधिक आणि याहून नाजूक असेल, तर मुख्य पत्राला 'अलाहिदा पुरवणी' जोडावी असा शिरस्ता होता. मुख्य पत्र दरबारात वाचून दाखवावे आणि पुरवणी ज्याची त्याने एकांतात वाचावी. राजवाड्यांनी 1898 पासून प्रसिद्ध केलेले 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' चे खंड घ्या, किंवा सरदेसायांनी 1930 नंतर संपादिलेले पेशवे दफ्तराचे पंचेचाळीस भाग घ्या, राज्यकारभाराचा मोठा भाग कारकुनी मजकुरात सापडेल, पण माणसे मात्र बहुतांशी या स्वदस्तुरांत आणि पुरवण्यांत भेटतील.

हे सांगण्याचे प्रयोजन असे की, पोटासाठी किंवा पदासाठी लिहायचे एक, आणि आपल्या मनाचे म्हणून लिहायचे दुसरे, या दोहोंची सांगड घालण्याचा प्रश्न महाराष्ट्रात छापखान्याबरोबर आलेला नाही; तो त्याआधीचा आहे. भेद इतकाच की, हस्तलिखिताच्या काळात या दोन लेखनांमधली सीमा कागदावर उघड दिसत असे. छापखाना आला तेव्हा सगळीच अक्षरे एका साच्याची झाली, धन्याचा हात आणि कारकुनाचा हात ओळखू येईनासा झाला, आणि कागदावरची ती सीमा राखण्यासाठी लेखकाला निराळी योजना करावी लागली. टोपणनाव, निनावी लेख आणि सहीविना अग्रलेख ही त्या योजनेची तीन रूपे होत. मराठी गद्याचा एकोणिसाव्या शतकातला इतिहास हा पुष्कळ अंशी या तीन रूपांचा इतिहास आहे. कारण ते गद्य ज्यांनी घडवले, त्यांतले बहुतेक जण कोणाचे ना कोणाचे चाकर होते.

छापखान्यापूर्वीचा एक दाखला मात्र असा विलक्षण आहे की तो ओलांडून पुढे जाववत नाही. बाळाजी जनार्दन भानू, म्हणजे नाना फडणीस, यांची सारी हयात दफ्तरात गेली. जमाखर्चाचे ताळे, सरदारांचे सरंजाम, वकिलांची बातमीपत्रे, कारस्थानांचे जाबसाल, यांतले काहीही त्यांच्या नजरेखालून गेल्यावाचून राहत नसे, आणि वाईजवळच्या मेणवली येथील त्यांचे दफ्तर इतिहाससंशोधकांना खाणीसारखे उपयोगी पडले. याच माणसाने एक छोटे आत्मवृत्त लिहून ठेवले आहे. त्यात बालपण आहे, देवपूजेची ओढ आहे, तारुण्यातल्या विषयवासनेची निःसंकोच कबुली आहे, आणि 1761 च्या पानिपतावर वयाच्या एकोणिसाव्या वर्षी जिवानिशी निसटताना मातोश्री अंतरल्या त्याचे दुःख आहे. त्यानंतर ते आत्मवृत्त थांबते. बारभाईंचा व्यूह, सवाई माधवरावांचा सांभाळ, इंग्रज, निजाम आणि टिपू यांच्याशी केलेले डाव, म्हणजे ज्यामुळे जग त्यांना ओळखते ते सारे, त्यात नाही. पुढच्या सुमारे चाळीस वर्षांचा हिशेब दफ्तराने ठेवला आणि आधीच्या एकोणीस वर्षांचा त्यांनी स्वतः. दोन्ही खाती त्यांनी एकमेकांत मिसळू दिली नाहीत. या संयमाचे कौतुक करावे की त्याबद्दल हळहळावे, हा प्रश्नच आहे. कारण त्या तरुणाने जितक्या उघडपणे स्वतःकडे पाहिले, तितक्या उघडपणे त्या मुत्सद्द्याने स्वतःकडे पाहिले असते, तर मराठीला केवढा ग्रंथ लाभला असता!

कंपनी सरकारचा अंमल बसला तेव्हा जुनी फडणिशी मोडली, पण चाकरीची लेखणी मोडली नाही. तिने धनी बदलला. इंग्रजी शाळांतून निघालेली पहिली पिढी शिक्षक, भाषांतरकार, मुनसफ आणि मामलेदार होऊन कचेऱ्यांत बसली, आणि त्याच सुमारास, 1832 च्या जानेवारीत, बाळशास्त्री जांभेकरांच्या 'दर्पण' ने मुंबईत वृत्तपत्राचा पाया घातला. लिहिता येणारे आणि लिहिण्यासारखे काही जवळ असणारे लोक मूठभर, आणि ते बहुतेक सरकारी पगारावर. अशा स्थितीत वृत्तपत्रांत लिहायचे कोणी? या प्रश्नाला पहिले ठसठशीत उत्तर मिळाले ते भाऊ महाजनांच्या 'प्रभाकर' साप्ताहिकात. 1848 च्या मार्चपासून तेथे 'लोकहितवादी' या नावाने पत्रे येऊ लागली, ती 1850 पर्यंत येत राहिली. मोजली तर ती एकशे आठ भरतात, आणि 'शतपत्रे' या नावाने ओळखली जातात. लिहिणारे गोपाळ हरी देशमुख आरंभी अवघे पंचवीस वर्षांचे, सरकारी नोकरीतले गृहस्थ होते. घराणे पेशवाईच्या सेवेतले, वडील बापू गोखल्यांच्या पदरी राहिलेले. मुलाने मात्र बुडालेल्या राज्याचा हिशेब मांडायला घेतला आणि त्यात आपल्याच जातीच्या आणि आपल्याच घराण्यासारख्या घराण्यांच्या नावावर बाकी काढली.

या पत्रांची घडण जवळून पाहण्यासारखी आहे. पत्र बहुधा आखूड असते. एकच विषय असतो: ब्राह्मणांची अर्थज्ञानाविना चाललेली घोकंपट्टी, विधवांची दशा, सरदारांच्या मुलांचे आळसात जाणारे दिवस, परदेशी मालाच्या पायी बुडणारा देशी कारागीर. प्रारंभी प्रमेय सांगितलेले असते. मग दाखले येतात, तेही ग्रंथांतले क्वचित आणि वाड्यांतले, पेठांतले, कचेऱ्यांतले पुष्कळ. शेवटी काय केले पाहिजे ते सांगून लेखक थांबतो. अलंकाराची हौस नाही, भाषा खडबडीत, पण वाद संपल्यावर निवाडा लिहावा तशी ठाम. पुढे मुनसफ झालेला, अहमदाबाद आणि नाशिक येथे न्यायासनावर बसलेला आणि निवृत्तीनंतर रतलामची दिवाणगिरी केलेला हा माणूस तरुणपणीच फैसल्याच्या भाषेत विचार करीत होता. म्हणजे नाव झाकले तरी कचेरी झाकली गेली नव्हती. आणि त्या पत्रांचे सामर्थ्य नेमके तिच्यात आहे. ज्याने दावे, फिर्यादी, इनामांचे वाद आणि खोट्या साक्षी यांच्या भाषेचा रोज परिचय केला नाही, त्याला समाजाची अशी उलटतपासणी घेता आली नसती.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. सरकारी नोकराने टोपणनाव घेतले म्हणजे ते साहेबाच्या धाकाने घेतले, असे आपण सहज धरून चालतो. लोकहितवादींच्या पत्रांत इंग्रजी विद्येचे आणि राज्यव्यवस्थेचे गुण पुष्कळ गायिलेले आहेत. ती वाचून कोणा कलेक्टराने कपाळाला आठ्या घातल्या असत्या असे मानण्यास आधार नाही. आठ्या पडायच्या त्या पुण्याच्या पेठांत, पंक्तीत, श्राद्धाच्या आमंत्रणात. टोपणनावाचा उपयोग येथे झाला तो अधिकाऱ्यापासून बचाव करण्यासाठी नव्हे, तर शेजाऱ्यापासून. याच्या उलट बाजूला जोतीराव फुले उभे आहेत. खडकवासल्याच्या धरणासारख्या कामांवर साहित्य पुरवण्याचे ठेके त्यांनी घेतले, सरकारी बांधकाम खात्यातला पैसा कोठून निघतो आणि कोठे मुरतो ते डोळ्यांनी पाहिले, आणि पाहिले ते स्वतःच्या नावाने छापले. त्यांच्या डोक्यावर पगाराची टांगती तलवार नव्हती, आणि पंक्तीतून उठवण्याची धमकी ज्यांनी द्यायची त्यांची पंक्तीच त्यांनी नाकारली होती. स्वतःचे नाव छापण्याची ऐपत ही अशी दोन्हीकडून मोकळे होण्याने येते.

1857 नंतर हवा बदलली. 1867 च्या कायद्याने प्रत्येक छापील पुस्तकावर आणि वृत्तपत्रावर मुद्रकाचे आणि प्रकाशकाचे नाव असणे सक्तीचे झाले. लेखकाला पडद्याआड राहता येत होते, पण कोणीतरी रुजू राहणे आवश्यक ठरले. याच काळात न्यायमूर्ती रानडे सरकारी न्यायाधीश होते आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेचे मार्गदर्शकही होते. 1878 मध्ये सुरू झालेल्या सभेच्या त्रैमासिकात जमीनमहसूल, दुष्काळ, चलन, संस्थाने अशा विषयांवर जे विस्तृत इंग्रजी लेख सहीविना येत, त्यांतले बरेचसे त्यांचे, हे पुण्यात सगळ्यांना ठाऊक होते आणि सरकारलाही ठाऊक होते. वासुदेव बळवंतांच्या बंडाच्या दिवसांत त्यांची बदली धुळ्यास झाली; तेथे त्यांच्या टपालावर कशी नजर होती हे त्यांच्या पत्नी रमाबाईंनी आपल्या आठवणींत नमूद केले आहे. निनावी लेखाने रानड्यांना झाकले नाही. त्याने एवढेच केले की, सरकारला कागदोपत्री काही करता येऊ नये आणि रानड्यांना कागदोपत्री काही नाकारावे लागू नये, अशी एक सभ्य सोय दोन्ही पक्षांसाठी निर्माण केली.

अशी सोय ज्याला मानवली नाही, त्याचे उदाहरण चिपळूणकरांच्या घरात आहे, आणि ते पिता-पुत्रांचे असल्याने अधिकच बोलके आहे. कृष्णशास्त्री संस्कृताचे पंडित, अरबी भाषेतील सुरस गोष्टींना मराठीत रसाळ रूप देणारे भाषांतरकार, आणि त्याच वेळी देशी वृत्तपत्रांत काय छापून येते याचा गोषवारा सरकारला कळवण्याच्या जागेवर नेमलेले अंमलदार. दिवसा इतरांचे लिहिणे सरकारसाठी वाचायचे आणि रात्री स्वतःचे लिहायचे, ही दोन्ही कामे त्यांनी एकाच शांतपणे पार पाडली. लेखन अरबस्तानातल्या बादशहांविषयी असल्यामुळे कोठे ठिणगी पडण्याचे कारण नव्हते. चिरंजीव विष्णुशास्त्री सरकारी शाळेत शिक्षक झाले, आणि त्यांच्या हाती आलेले 'शालापत्रक' टीकेच्या तिखटपणापायी 1875 मध्ये बंद पडले. त्याआधीच, 1874 च्या जानेवारीत, त्यांनी 'निबंधमाला' सुरू केली होती. एका हाताने लिहिलेले हे मासिक चौऱ्याऐंशी अंकांपर्यंत चालले. त्यातला आवाज उघड, डौलदार, प्रतिपक्षाला घायाळ करणारा आणि पुष्कळदा अन्यायही करणारा. लोकहितवादींवर आणि फुल्यांवर त्यांनी केलेली टीका आज वाचवत नाही. पण एक खरे की, ते नोकरीत असतानाही नोकराच्या आवाजात बोलले नाहीत. रत्नागिरीस बदली झाली. 1879 मध्ये त्यांनी राजीनामा दिला, आणि 1880 च्या पहिल्या दिवशी पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल उघडले. मालेच्या अखेरीस त्यांनी लिहिलेला 'आमच्या देशाची स्थिती' हा निबंध पुढे सरकारजप्त झाला. जप्त करण्याजोगे लिहायचे तर आधी चाकरी सोडावी लागते, हा हिशेब त्यांनी फार लवकर आणि फार स्वच्छ मांडला होता.

परंतु चाकरी सुटली म्हणजे प्रश्न सुटला, असेही नाही; तो रूप पालटतो. 1881 च्या जानेवारीत 'केसरी' निघाला आणि आगरकर त्याचे संपादक झाले. सरकारी धनी आता नव्हता. कोल्हापूरच्या दिवाणांविषयीच्या मजकुरावरून झालेल्या शिक्षेपायी टिळक आणि आगरकर 1882 मध्ये डोंगरीच्या तुरुंगात एकशे एक दिवस राहून आले, तेव्हा निर्भयतेची परीक्षाही झाली. तरी पण अग्रलेखाखाली सही नसते. तो पत्राचा अभिप्राय म्हणून निघतो आणि पत्र हे मंडळींचे असते. विवाहाची रूढी, सोवळे-ओवळे यांविषयी आगरकरांना जे म्हणायचे होते ते त्या मंडळींच्या सामाईक आवाजात मावेना. ज्या निनावीपणाने रानड्यांना आडोसा दिला, त्यानेच आगरकरांची कोंडी केली. 1887 मध्ये त्यांनी 'केसरी' सोडला आणि पुढच्या वर्षी 'सुधारक' काढला. त्यातली मराठी बाजू त्यांची आणि इंग्रजी बाजू गोपाळ कृष्ण गोखल्यांची. आपल्या मताचा निराळा कागद हवा, एवढ्यासाठी एका प्राध्यापकाने पत्र चालवण्याचा भार पत्करला आणि जिवंतपणी आपली प्रेतयात्रा निघालेली पाहिली. व्यवसायाचा आवाज परका वाटतो तो नेहमी धन्याचाच असतो असे नाही. पुष्कळदा तो आपल्याच मित्रांचा असतो, आणि तो मोडून निघणे अधिक अवघड असते.

विसाव्या शतकाच्या आरंभी टोपणनाव ही मराठी काव्यात जणू वहिवाट झाली. गडकऱ्यांनी नाटके स्वतःच्या नावाने, कविता 'गोविंदाग्रज' या नावाने आणि विनोद 'बाळकराम' या नावाने लिहिला; तिथे धाक कोणाचाच नव्हता, एकाच माणसातल्या तीन वृत्तींना तीन निराळी दारे दिलेली होती. पुण्यात शाळामास्तरकी करणारे शंकर काशिनाथ गर्गे 'दिवाकर' होऊन नाट्यछटा लिहू लागले. वऱ्हाडाकडे सरकारी कचेरीत कारकुनी करणारे नारायण मुरलीधर गुप्ते यांनी तर 'बी' या एका अक्षराआड आयुष्य काढले, आणि त्यांचा 'फुलांची ओंजळ' हा संग्रह 1934 मध्ये, वयाची साठी उलटल्यावर प्रसिद्ध झाला. फायलींच्या गराड्यात बसलेल्या या कवींच्या नावांकडे पाहताना वाटते की, त्यांनी कविता कचेरीपासून लपवली नाही. कचेरी कवितेपासून लपवली.

या परंपरेचा कळस मात्र एका स्त्रीने गाठला. 1933 मध्ये 'विभावरी शिरूरकर' या नावाने 'कळ्यांचे निःश्वास' हा कथासंग्रह प्रसिद्ध झाला आणि महाराष्ट्रात गदारोळ उडाला. शिकलेल्या, मिळवत्या, घर चालवणाऱ्या आणि म्हणूनच घरच्यांनी लग्नावाचून ठेवलेल्या मुलींचे मन त्यात ज्या सरळपणे उघडे केले होते, ते कोणाला खपण्यासारखे नव्हते. निषेध झाले, लिहिणारी बाई आहे की बाईचे नाव घेतलेला पुरुष, यावर पैजा लागल्या. लेखिका होत्या बाळूताई खरे, पुढे मालतीबाई बेडेकर. महर्षी कर्व्यांच्या संस्थेत शिकलेल्या आणि तेथल्याच कन्याशाळेत शिकवणाऱ्या. स्त्रीशिक्षणाची संस्था लोकांच्या वर्गणीवर आणि लोकांच्या विश्वासावर चालते. तेथील शिक्षिकेच्या नावाने असे पुस्तक निघते, तर पालकांनी मुलींना शाळेतून काढले असते. म्हणजे टोपणनावाने येथे लेखिकेइतकेच शाळेचेही रक्षण केले. आणि तरीही पुस्तकातली प्रत्येक मुलगी त्या वर्गांतून आणि वसतिगृहांतून आलेली होती. पुढे त्या सोलापूरला गुन्हेगार ठरवलेल्या जमातींच्या वसाहतीत सरकारी नोकरीवर गेल्या. तारेच्या कुंपणाआड, हजेरीच्या शिस्तीत, जन्मानेच गुन्हेगार म्हणून नोंदल्या गेलेल्या माणसांचे जिणे त्यांनी तेथे अधिकाऱ्याच्या खुर्चीवरून पाहिले. आणि 1950 मध्ये 'बळी' ही कादंबरी त्यातून निघाली. सरकारी अहवालात लोकसंख्या, हजेरी आणि शिक्षा यांचे रकाने असतात. त्या रकान्यांत जे बसत नाही ते त्यांनी कादंबरीत घातले, पण ते दिसण्याइतके जवळ त्यांना नोकरीनेच नेले होते.

त्याच काळात र. धों. कर्व्यांनी दुसरा मार्ग दाखवला. संततिनियमनाचा प्रचार सोडा नाहीतर प्राध्यापकी सोडा, असा पेच पडल्यावर त्यांनी 1925 मध्ये विल्सन कॉलेजातली गणिताची जागा सोडली, आणि 1927 पासून 1953 मध्ये मृत्यू येईपर्यंत 'समाजस्वास्थ्य' स्वतःच्या नावाने चालवले. खटले झाले, दंड झाले, दारिद्र्य आले. नाव मात्र झाकले नाही. त्यांच्या विषयाला नाव झाकून चालणारेच नव्हते: ज्या गोष्टीची लाज वाटू नये असे लोकांना सांगायचे, ती बुरखा घेऊन सांगता येत नाही.

स्वातंत्र्यानंतर या जुन्या व्यवहाराला नियमाचे रूप आले. केंद्र सरकारच्या नोकरांसाठी 1964 मध्ये जे वर्तणूक-नियम झाले, त्यांत वृत्तपत्रांत लिहिण्याला पूर्वपरवानगीची अट होती, पण निव्वळ वाङ्मयीन, कलाविषयक किंवा शास्त्रीय लेखन तीतून वगळले होते. नियम करणाऱ्याने मानले की कथा-कविता निरुपद्रवी आणि लेख तेवढा उपद्रवी. 'कळ्यांचे निःश्वास' आणि 'बळी' ज्याने वाचले आहे, त्याला या विभागणीचे हसू आल्यावाचून राहणार नाही.

आता या साऱ्याचा निष्कर्ष काय? खाजगी लेखन आणि व्यवसायाचे लेखन यांच्यामध्ये भिंत असावी की नसावी, असा वाद घालण्यात अर्थ नाही. प्रत्येकाने आपल्या पगाराच्या, पंक्तीच्या आणि पोटाच्या हिशेबाने ती कमी-अधिक उंच बांधलेली आहे, आणि तसे करण्यात लाज वाटण्याजोगे काही नाही. पाहायचे ते हे की, त्या भिंतीतून काय आत येऊ दिले आणि काय बाहेर ठेवले. लोकहितवादींनी कचेरीतली पुराव्याची सवय आपल्या पत्रांत आणली. मालतीबाईंनी वर्गात आणि वसाहतीत जे ज्ञान झाले ते कथेत आणले. रानड्यांनी न्यायाधीशाची आकडेवारीवरची श्रद्धा त्रैमासिकात आणली. आणि तिघांनीही कचेरीचे भय मात्र दाराबाहेर उभे केले. जेथे याच्या उलट घडले, भय आत आले आणि ज्ञान बाहेर राहिले, तेथे पानेच्या पाने सुबक भाषेत लिहिली गेली आणि पुसलीही गेली. त्यांची नावे या लेखात नाहीत, कारण ती कोणाच्याच स्मरणात नाहीत. टोपणनावाने लेखकाला थोडा अवकाश दिला, थोडी उसंत दिली; धैर्य द्यायचे सामर्थ्य त्याच्यात नव्हते, ते ज्याचे त्याला आणावे लागले. आज छापण्यासाठी ना भाऊ महाजनांसारखा संपादक लागतो, ना शिळाप्रेस, आणि नोकरीत असलेला प्रत्येक शिकलेला माणूस सकाळी कचेरीचे आणि संध्याकाळी स्वतःचे लिहून जगापुढे मांडू शकतो. तरी त्याच्यापुढचा हिशेब 1848 साली होता तोच आहे, आणि तो मांडताना साहेबाइतकाच शेजारीही जमेस धरावा, एवढे शहाणपण लोकहितवादींनी आपल्याला शिकवून ठेवले आहे.